आचेवरचा अंमल

घर उबदार ठेवण्याची विवंचना उत्तर कोकणातील माणसाला कधी पडली नाही. वैतरणेच्या मुखापासून डहाणूच्या खाडीपर्यंत पसरलेला, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या डोंगररांगा यांच्या मधला हा मुलूख पौषातल्या पहाटेसही एका गोधडीत निभावून जावे इतकाच गारठतो, आणि फाल्गुन लागला की माणसाला ऊब नको, वारा हवा असतो. त्यामुळे युरोपातील घराघरांत भिंतीवर टांगलेला किंवा तळघरात बसविलेला जो बॉयलर असतो, ज्याचे तापलेले पाणी नळ्यांवाटे खोल्याखोल्यांतील लोखंडी पेट्यांत खेळून घरभर ऊब वाटते आणि थंडावून पुन्हा विस्तवाजवळ परतते, तो बॉयलर पालघर किंवा बोईसरच्या घरात येण्याचे काही प्रयोजनच नव्हते. तथापि त्या यंत्राच्या खुंट्या ज्या अडचणीवर उपाय म्हणून बसविलेल्या असतात ती अडचण या मुलखाला अपरिचित नाही. विस्तव पेटविणे सोपे, त्याला वेळेवर आवरणे कठीण. आणि या कठीण गोष्टीशी रानातल्या कातभट्टीपासून समुद्रकाठच्या अणुभट्टीपर्यंत जितक्या विविध रीतींनी येथे झुंज दिली गेली, तितक्या रीतींनी ती महाराष्ट्राच्या दुसऱ्या एखाद्या टापूत क्वचितच दिली गेली असेल.

या इतिहासाचा आरंभ विस्तवावाचून तापलेल्या पाण्यापासून करणे उचित होय. सातिवली, कोकनेर, हालोली या पालघर जिल्ह्यातील ठिकाणी, आणि जिल्ह्याच्या सीमेलगत तानसा नदीच्या काठी अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. पावसाचे पाणी काळ्या खडकातील भेगांतून खोल उतरते, तेथील भूगर्भाच्या स्वाभाविक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. ज्वालामुखीचा यात काही संबंध नाही. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि पुढे तेथे देवीचे मंदिर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच मोहिमेत जानेवारी महिन्यात तारापूरचा कोटही मराठ्यांच्या हाती आला होता. पोर्तुगीजांचा अंमल गेला, पेशव्यांचा आला, तोही गेला, परंतु या कुंडांतील पाण्यावर अंमल असा कोणाचाच बसला नाही. ज्याला सोसेल त्याने कढत कुंडात उतरावे, न सोसेल त्याने शेजारच्या कोमट कुंडाकडे वळावे. पाण्याचा ताप बदलावयाचा नाही, माणसाने आपली जागा बदलावयाची, हीच येथील वहिवाट होती आणि आहे.

रानातल्या माणसाला मात्र विस्तवावर हुकमत मिळविल्यावाचून गत्यंतर नव्हते. खैराचा तांबडा गाभा तासून त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळावयाच्या, तो अर्क गाळून पुन्हा आटवावयाचा आणि दाट झाला म्हणजे निववून त्याच्या वड्या पाडावयाच्या, हा कातकऱ्यांचा पिढीजात उद्योग ऐकावयास सोपा आहे. परंतु आटत आलेल्या अर्काखाली जाळ जरा अधिक राहिला तर सारा घाणा करपतो आणि उणा राहिला तर लाकूडही जाते व दिवसही जातो, हे ज्याने भट्टीजवळ रात्र काढली आहे त्यालाच ठाऊक. उष्णतामापकाचा तेथे पत्ता नव्हता. फेस कसा फुटतो, बुडबुडा किती जड होऊन वर येतो, पळीवरून धार कशी तुटते, एवढ्यावर सगळा निर्णय.

कोळशाची भट्टी तर याहून विलक्षण. तेथे जळण भरपूर असते आणि तरीही ते जळू द्यावयाचे नसते. लाकडाची रास रचून, तिच्यावर पाला व माती लिंपून, आत विस्तव सोडावयाचा आणि मग दिवसचे दिवस त्या राशीच्या अंगावरची भोके उघडीत आणि बुजवीत बसावयाचे. धूर पांढरा आणि दाट आहे तोवर लाकडातील ओल निघत आहे असे समजावे. तो विरळ आणि निळसर झाला की कोळसा पाडला गेला, आता भोके बुजवावीत, नाहीतर मिळेल ती राख. विस्तवाला सरपणाने नव्हे, हवेने आवरावयाचे असते, हे तत्त्व या अक्षरशत्रू मानलेल्या माणसांनी इतक्या पूर्णतेने आत्मसात केले होते की पुढे कारखान्यांच्या धुरांड्यांत बसविलेल्या झडपांनी त्यात नवे असे फारसे काही घातले नाही.

परंतु विस्तवावर हुकमत असली तरी सरपणावर ती उरली नाही. १८७८ च्या कायद्यान्वये राखीव वने ठरू लागली, खैर तोडण्यास परवाना लागू लागला, आणि भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी लागणारा राबाचा पाला तोडण्यावरही बंधने येताच ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी जंगल आयोग नेमावा लागला. आयोगाचे दप्तर भरले. रानाचा मक्ता मात्र व्यापाऱ्यांकडेच राहिला. ठाणे जिल्ह्याच्या रानातले सरपण आणि कोळसा मुंबईला जात असे, तेथल्या चाळींतील शेगड्यांत आणि बंगल्यांतील बंबांत जळत असे, आणि ते सरपण तोडणाऱ्या वारल्याच्या पदरी वेठ आणि तुटपुंजी मजुरी पडत असे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू, उंबरगाव, पालघर या भागांत वारल्यांचा जो उठाव झाला त्यात वेठबिगारीबरोबर गवतकापणीचा आणि जंगलतोडीच्या मजुरीचा दर हाही झगड्याचा विषय होता. मुंबईकराच्या सकाळच्या स्नानाचा हिशेब या उठावाच्या इतिहासात सहसा मांडला जात नाही, मांडावयास हवा.

आता बंबाकडे वळू. सुखवस्तू घराच्या न्हाणीघरात, पडवीच्या कोपऱ्यात किंवा मागल्या अंगणात उभा असणारा हा तांब्याचा उंच घट म्हणजे एका नळकांड्याच्या पोटात दुसरे नळकांडे असते: आतल्या नळीत विस्तव, तिच्या सभोवार पाणी, खाली लोखंडी जाळी आणि तिच्याखाली राख पडण्याची जागा, वर धुराचे तोंड, अंगावर पितळी तोटी. विस्तवाला पाण्याने चोहोबाजूंनी वेढावयाचे, म्हणजे त्याची धग कोणत्याही दिशेने निसटली तरी पाण्यातूनच जावी, ही योजना इतकी शहाणपणाची आहे की विलायतेतील मोठमोठ्या बाष्पपात्रांतही भट्टीची नळी अशीच पाण्याच्या पोटात घातलेली आढळते. नळीला लागून असलेले पाणी तापून हलके होते आणि वर चढते, त्याच्या जागी थंड पाणी सरकते, आणि पंपावाचून, ढवळण्यावाचून सारा बंब हळूहळू तापतो.

या बंबाला तापमानाची खुंटी नव्हती. परंतु तो चालविणाऱ्या बाईच्या हाती एक सोडून चार उपाय होते. पहिला उपाय जळणाच्या निवडीचा. नारळाच्या करवंट्या भडकन् पेटतात आणि पाहुणा दारात उभा असेल तर त्यांचाच उपयोग. गोवरी सावकाश धुमसते आणि सबंध कुटुंबाच्या स्नानांपर्यंत पुरते. लाकडाच्या ढलप्या या दोहोंच्या मधल्या. दुसरा उपाय हवेचा. खालची राख ओढून काढली की जाळ चढतो, साचू दिली की मंदावतो, आणि वरचे तोंड झाकणाने अर्धवट झाकले की विस्तव जिवंत राहूनही शांत होतो. तिसरा उपाय थंड पाण्याचा: बंबातून तपेलेभर ऊन पाणी काढले की वरून तपेलेभर गार पाणी ओतावयाचे, हा घरचा नियम, तो ज्याने मोडला त्याच्या नावाने दुपारपर्यंत बोलणी ऐकू यावयाची, कारण कोरडा पडलेला बंब सांध्यातून सुटतो आणि मग तांबटाकडे डाग द्यावयास न्यावा लागतो. आणि चौथा, सर्वांत निर्णायक उपाय म्हणजे विसण. बंबातील पाणी कितीही कढत असो, घंगाळात त्याला विसण घालून अंगाला सोसेल असे करणे हे ज्याचे त्याचे काम.

या चौथ्या उपायातच सगळे मर्म आहे असे मला वाटते. बंबाचा ताप एक, अंगाचा ताप दुसरा. पहिला आजीने सांभाळावयाचा, दुसरा न्हाणाऱ्याने. एकाच बंबातून आजोबांना कढत, मुलांना कोमट आणि तापातून उठलेल्याला जेमतेम ऊन पाणी मिळते ते या विभागणीमुळे. आणि बंबाचे पाणी एकदा पुरेसे तापले की प्रत्येकाच्या गरजेसाठी विस्तवाशी पुन्हा पुन्हा झटापट करण्याचे कारण उरत नाही. ज्या घरी बंब नव्हता, आणि या भागात अशी घरेच अधिक, तेथे चुलीच्या वैलावर ठेवलेला हंडा हेच काम करी: स्वयंपाकाच्या जाळातून उरलेली धग वैलात जाते, तिच्यावर पाणी उकळत नाही पण तापते, आणि त्यासाठी वेगळी काटकीही लागत नाही.

नवजात अर्भकाच्या स्नानाच्या वेळी मात्र हाताच्या बोटांवर विश्वास ठेवला जात नसे. रोज चुलीशी खेळून बोटे निबर झालेली असतात. म्हणून सुईण किंवा घरातील जाणती बाई पाण्यात कोपर बुडवून पाहते, आणि तिने मान हलविल्यावाचून घंगाळ पुढे सरकत नाही. बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीचीही अशीच निगा: निखारे राखेखाली दडपलेले, वर वावडिंग-ओव्याची धुरी, आणि शेक अंगाला लागावा पण खोलीत धूर कोंडू नये यासाठी किलकिले ठेवलेले दार.

वाफेचा अंमल या मुलखात रुळांवरून आला. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची गाडी गुजरातेतून थेट मुंबईपर्यंत धावू लागली, पालघर व बोईसर ही त्या मार्गावरील स्थानके झाली, आणि समुद्राकाठच्या केळवे-माहीमचे कचेरीचे महत्त्व पुढे पालघरकडे सरकले ते या रुळांच्या ओढीनेच. इंजिनाच्या बाष्पपात्रात आणि घरच्या बंबात एक मूलभूत भेद आहे, तो हा की बंबाचे तोंड उघडे असते आणि इंजिनाचे बंद. उघड्या तोंडाच्या भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. निसर्गाने तेथे स्वतःच अडसर घातला आहे. तोंड बंद केले की तो अडसर निघतो. दाब चढेल तसा ताप चढतो, आणि त्या दोहोंची जोडी इतकी पक्की की एक सांगितला म्हणजे दुसरा सांगावा लागत नाही: वाफेचा दाब वातावरणाहून सात किलोने अधिक म्हणजे तिचा ताप सुमारे १७० अंश सेल्सिअस.

१८६३ च्या सुमारास कलकत्त्यात एका बाष्पपात्राचा भीषण स्फोट होऊन माणसे दगावली, आणि त्यातून १८६४ साली बंगालमध्ये बाष्पपात्रांच्या तपासणीचा पहिला कायदा झाला. निरनिराळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले आणि अखेर १९२३ साली साऱ्या हिंदुस्थानास लागू होणारा एकच कायदा आला. तो शंभरावर वर्षे चालला. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. १९२३ च्या कायद्याची बॉयलरची व्याख्या वाचण्यासारखी आहे: पाच गॅलनांहून, म्हणजे पुढील दशमान हिशेबाने २२.७५ लिटरांहून, अधिक मोठे बंद पात्र, जे दाबाखाली वाफ निर्माण करण्यासाठीच वापरले जाते. उघड्या तोंडाचा बंब कितीही मोठा केला तरी सरकारी निरीक्षकाच्या नजरेस तो बॉयलर नव्हे. कायद्याला भय विस्तवाचे नव्हते, झाकणाचे होते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर बोईसरच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. कापडावरील प्रक्रिया, रंग, रसायने, औषधे, पोलाद. एक एक करून जे कारखाने आले त्यांतील बहुतेकांना वाफ हवी होती, आणि ज्या गावांत भात, ताडी आणि सुकी मासळी यांचा व्यवहार चाले तेथे धुराड्यांची रांग उभी राहिली. कापड रंगविणाऱ्याला ताप हा रंगाइतकाच कच्चा माल असतो. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग साधारण साठ अंशांवर धरतो; पॉलिएस्टरचा तंतू इतक्या तापाला दादच देत नाही, तो बंद यंत्रात दाबाखाली सुमारे १३० अंशांपर्यंत न्यावा लागतो, तेव्हा कोठे रंगाचे कण त्याच्या अंतरंगात शिरतात. तेथवर पोचण्याची गतीही ठरलेली असते, कारण घाईने तापविलेले कापड पट्ट्यापट्ट्यांनी रंगते आणि असा माल व्यापारी परत पाठवितो. म्हणजे बॉयलर-घरातील माणसाने वाफेचा दाब सांभाळावयाचा आणि रंगखात्यातील माणसाने आपल्या झडपेने त्यातून हवी तेवढी वाफ घ्यावयाची. न्हाणीघरातील बंब आणि विसण यांचीच ही विभागणी.

बॉयलर अटेंडंट हा या वसाहतीतील एक अल्पख्यात पुरुष आहे. सरकारी परीक्षा देऊन पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळविल्यावाचून त्याला बॉयलरचा ताबा मिळत नाही. पाण्याची काच, दाबाचा काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह यांवर त्याची नजर, ठरलेल्या वेळी ब्लोडाउन देऊन तळाचा गाळ काढणे हे त्याचे कर्तव्य, आणि दर तासाच्या नोंदीची वही हा त्याचा रोजनामा. आता दाब ठरावीक अंकाला पोचला की इंधन आपोआप तुटते आणि उतरला की सुरू होते, तरीही पाण्याच्या काचेकडे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावाचून जुना अटेंडंट पाळी सोडीत नाही. रासायनिक कारखान्यांची गोष्ट याहून बिकट. तेथे काही प्रक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करतात, खालचा विस्तव काढला तरी आतला ताप वाढतच राहतो, आणि वेळेवर निववण मिळाली नाही तर काय होते हे या वसाहतीतील स्फोटांनी आसपासच्या गावांना एकाहून अधिक वेळा दाखविले आहे.

विस्तवाला आपोआप आवरणाऱ्या आरंभीच्या युक्त्यांचा शोध घेऊ गेल्यास तो एका कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाऊन पोचतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोनमें नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसच्या बाजारासाठी अंडी उबविण्याचा व्यवसाय केला. खोली ऊन पाण्याच्या नळ्यांनी तापविली, आणि त्या पाण्यात शिशाची नळी व तिच्या पोटात लोखंडी कांब असा एक जोड बसविला. शिसे लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे पाणी तापले की नळी कांबेहून लांब होते, आणि या फरकाच्या जोरावर भट्टीची हवा घेणारी झडप मिटते. पाण्यानेच विस्तवाला थांबविण्याची ही एक सुबक सोय. पुढे १८९६ साली गियोम या शास्त्रज्ञाने निकेल आणि पोलाद यांचा असा मिश्रधातू शोधला की जो तापला तरी जवळजवळ वाढतच नाही. इन्व्हार या नावाच्या या धातूच्या शोधासह एकूण कार्यासाठी त्याला १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बोईसरच्या इमारतींतून न्हाणीघराच्या भिंतीवर जो विजेचा गिझर लटकतो, त्यातील जुन्या धर्तीच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळेची नळी आणि पोटात इन्व्हारची कांब असते. शिशाच्या जागी पितळ, लोखंडाच्या जागी इन्व्हार, आणि हवेच्या झडपेच्या जागी विजेची कळ. बाकी सारे त्या फ्रेंच कुक्कुटपालकाचे.

गिझरची खुंटी अखेरपर्यंत फिरविली म्हणजे पाणी लवकर तापते, हा समज आमच्याकडे जितका दृढ आहे तितकाच घरे तापविणाऱ्या देशांतही आहे, ही मोठी मौजेची गोष्ट होय. खुंटी गती ठरवीत नाही, थांबण्याची जागा ठरविते. दोन किलोवॉटची कांडी खुंटी पन्नासावर असो वा सत्तरावर, त्याच वेगाने तापविते; फरक एवढाच की सत्तरावर ती अधिक वेळ जळते आणि मग त्या कढत पाण्यात बादलीभर गार पाणी ओतून आपण बिलावरचा खर्च मोरीत सोडतो. युरोपातील बॉयलरला अशा दोन खुंट्या असतात आणि नवख्या माणसाचा घोटाळा होतो तो त्यामुळेच: बॉयलरवरची खुंटी नळ्यांतून जाणाऱ्या पाण्याचा ताप ठरविते, तो साठ-सत्तर अंशांच्या घरात असतो, खोलीतील भिंतीवरचा थर्मोस्टॅट हवेचा ताप पाहतो, तो वीस अंशांच्या आसपास ठेवतात, आणि हवा तेवढी तापली की बॉयलरला गप्प करतो. नव्या धर्तीचे बॉयलर धुरातील वाफ थिजवून तिचीही उष्णता परत मिळवितात, पण परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड असेल तरच वाफ थिजते. म्हणून पहिली खुंटी वर चढवून ठेवणारा माणूस ऊब न वाढविता केवळ गॅस वाढवितो. हे सारे युरोपातही फार पुरातन नाही. १९७० साली इंग्लंडातील निम्म्याहून अधिक घरांत असा बॉयलर नव्हता. तेथेही माणसे एका खोलीत शेकोटी पेटवून बाकीच्या खोल्या गारठू देत. आणि त्याच सुमारास इकडे तारापूरला, जेथे घर तापविण्याची गरज नाही तेथे, हिंदुस्थानातील सर्वांत विलक्षण बॉयलर नुकताच तापला होता.

तारापूरची निवड सहज झालेली नाही. कोळशाच्या खाणी येथून शेकडो मैल दूर, महाराष्ट्र व गुजरात या १९६० साली वेगळ्या झालेल्या दोन्ही राज्यांना वीज हवी, आणि निववणीसाठी समुद्र दाराशी. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले, १९६४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. देशातील हे पहिले अणुविद्युत केंद्र. या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. युरेनियमच्या कांड्या पाण्यात उभ्या, पाणी तेथेच उकळते, सुमारे सत्तर किलो दाबाची आणि २८५ अंश तापाची वाफ होते आणि ती टर्बाइनकडे जाते.

येथे पाणी दोन कामे करते. ते उष्णता वाहून नेते, आणि अणुकेंद्रातून सुटलेल्या न्यूट्रॉनांना मंदही करते; मंदावलेला न्यूट्रॉनच पुढचे विभाजन घडवितो. पाणी अधिक उकळले की बुडबुडे वाढतात, बुडबुड्यांत पाणी विरळ असते, न्यूट्रॉन मंदावत नाहीत आणि विभाजन उतरते. म्हणजे या भट्टीत विस्तव जो वाफ करतो तीच वाफ विस्तवाला दाबते. शिशाची नळी नको, इन्व्हारची कांब नको, लगाम पाण्याच्या स्वभावातच आहे. भट्टीतून पाणी फिरविणाऱ्या पंपांचा प्रवाह वाढविला की बुडबुडे धुऊन निघतात आणि शक्ती चढते, कमी केला की उतरते. मोठ्या फेरबदलासाठी खालून वर शिरणाऱ्या नियंत्रक दांड्या आहेतच.

पण हाच स्वभाव एका ठिकाणी उलटतो. शहराला वीज कमी लागली म्हणून टर्बाइनची झडप मिटली तर वाफ अडते, दाब चढतो, दाबाखाली बुडबुडे चिरडले जातात, आणि नेमकी नको असताना भट्टीची शक्ती वाढू लागते. म्हणून दाबावर सतत पहारा ठेवणारे यंत्र आणि जादा वाफ टर्बाइन टाळून थेट निववणीकडे नेणारी वाट ठेवावी लागते. मागणीप्रमाणे भट्टीने आपण होऊन चालावे यासाठी तारापूरच्या रचनाकारांनी दुसरा फेरा योजला होता: भट्टीतील तापल्या पाण्याचा काही भाग दुय्यम बाष्पजनित्रांतून फिरवून तेथे कमी दाबाची वेगळी वाफ काढावयाची. मागणी वाढली की या दुय्यम वाफेची झडप अधिक उघडते, त्या पाण्यातून अधिक उष्णता काढली जाते, ते थंड होऊन भट्टीत परतते, बुडबुडे घटतात आणि शक्ती चढते. एक अंमल भट्टीच्या दाबावर, दुसरा बाहेरच्या गरजेवर. पुढे या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, ऐंशीच्या दशकात तो फेरा सोडून द्यावा लागला आणि प्रत्येक भट्टीची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणून ठेवण्यात आली. इतकी चतुर योजना नळ्यांच्या झिजेने निकालात निघावी, हे यंत्रविद्येच्या इतिहासात नित्याचेच.

शेजारी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या २००५ आणि २००६ साली उभ्या राहिल्या, त्या जड पाण्याच्या आणि भारतीय बनावटीच्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. वीज परराज्यांच्या तारांवर चढली तरी आसपासच्या पाड्यांत तीन दगडांची चूल पुष्कळ काळ जळत होती, ही विसंगती येथल्या माणसाने बोलून दाखविली नाही असे नाही. ती कोणी टिपून ठेवली नाही, एवढेच.

जुन्या दोन भट्ट्या २०२० साली दीर्घ दुरुस्तीसाठी थांबविण्यात आल्या. अणुभट्टी थांबविणे म्हणजे बंबातून निखारे ओढणे नव्हे. दांड्या आत शिरून विभाजन बंद पडले तरी कांड्यांत साठलेली किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णता देतच राहतात: त्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, आणि पुढे दिवसचे दिवस, महिनेचे महिने, उतरत्या प्रमाणात. २०११ साली जपानमधील फुकुशिमा येथे भट्ट्या भूकंपाबरोबर थांबल्याच होत्या. पुढचा अनर्थ झाला तो या उरलेल्या उष्णतेने. तारापूरच्या जुन्या भट्ट्या साधारण त्याच पिढीच्या असल्याने तेव्हा त्यांच्याकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले आणि त्यांच्या आपत्कालीन थंडाव्याची कसून तपासणी झाली. त्यात एक जुनीच सोय महत्त्वाची ठरते. वीज गेली, पंप बंद पडले, तरी भट्टीतील वाफ स्वतःच्या हलकेपणाने उंचावर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीतील नळ्यांत चढते, तेथे थिजते आणि पाणी होऊन स्वतःच्या भाराने खाली भट्टीत परतते. या फेऱ्याला यंत्र लागत नाही. टाकीतले पाणी मात्र उकळून आटत जाते, आणि काही तासांनी ते कोणीतरी भरावे लागते.